देशपांडे, बघू म्हणाले

आमच्या मंडळाचे खजिनदार काका वर्षानुवर्षं वर्गणी वहीत लिहीत आले. यंदा मुलाने त्यांना नोटपॅड उघडून दिलं आणि काकांनी अख्खी वही जशीच्या तशी त्यात उतरवली. मंडळाच्या वेबसाइटला मात्र यादी जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येईल अशा ठरावीक मांडणीत, हवी होती. "तुला पायथन येतं ना? दहा मिनिटांचं काम," अध्यक्ष म्हणाले. ज्यांना प्रोग्रॅमिंगची ही भाषा येत नाही त्यांची अशी कामं नेहमी दहा मिनिटांतच होतात.

मी शिस्तीत बसलो. ओळ घ्यायची, स्प्लिटने स्वल्पविरामावर तोडायची, डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. पहिली ओळ : 'जोशी काकू, ५०१'. मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या पायथनच्या इंटने मराठी आकडेसुद्धा बिनबोभाट ओळखले! (खरंच ओळखतो. करून बघा.) ऊर भरून आला. दुसरी ओळ : 'कुलकर्णी (वरचे), २५१/-'. त्या '/-'ला ठेचकाळून प्रोग्रॅम तोंडावर आपटला. पुढे 'कदम, बंधू आणि मंडळी, १००१'. इथे बंधूच रक्कम ठरले. मग 'पाटील ५०१, पैकी २०० दिले, उरलेले विसर्जनाआधी'. आणि शेवटी 'देशपांडे, बघू म्हणाले'.

'बघू'चा पूर्णांक किती होतो?

रात्री एकपर्यंत इफ-एल्सच्या अटी रचत बसलो. देशपांड्यांना पायथनचं नन ('काहीच नाही') दिलं, जेसनमध्ये त्याचं नल झालं. फाइल उघडली तर जोशी काकू गायब! 'जोशी'च्या चार चिन्हांऐवजी उलट्या तिरक्या रेघा, यू, आकडे आणि मधेच इंग्रजी अक्षरं मिळून चोवीस अक्षरांची आगगाडी. मराठी अक्षरांचे असे सांकेतिक आकडे करणाऱ्या 'एन्शुअर आस्की' सेटिंगला फॉल्स केलं, फाइल मराठी सांभाळणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये लिहिली, तेव्हा काकू माणसांत आल्या.

राहिले काकांचे शेरे. 'कुत्रा आहे.' 'जेवणाच्या वेळी जाऊ नये.' 'सूनबाई देतात, सासऱ्यांना विचारू नये.' जेसनमध्ये कॉमेंटची, म्हणजे माणसांसाठीच्या टिपणांची, सोयच नाही. जेसनचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती मुद्दाम काढून टाकली, कारण लोक कॉमेंटमधून प्रोग्रॅमला सूचना द्यायला लागले होते. आमचे काका माणसांना द्यायचे, एवढाच फरक. शेवटी 'शेरा' नावाची वेगळी की, म्हणजे रकानाच, केली. यादीतलं निम्मं शहाणपण तिथेच होतं, रकमा काय कुणीही लिहील.

सकाळी प्रिंट घेऊन गेलो. काकांनी चष्मा वर केला.

"देशपांड्यांच्या घरात हा नल कोण? दमयंतीचा?"

"काका, नल म्हणजे रक्कम आली नाही."

"अरे, काल रात्री देऊन गेले की! १०१."

मी हुश्श करून लॅपटॉप उघडला.

"पण सुट्टे नव्हते, पाचशेची नोट दिलीय. चारशे आपण परत करायचेत, वरचा रुपया नंतर देतो म्हणाले. तेवढं कुठेतरी लिही."