गेलेल्या माणसांचे जगणे कोण लिहिणार?

कुणी गेल्याचे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशाने गेले? त्याचे उत्तर देताना कुणालाच शब्द कमी पडत नाहीत. दुखणे कधी सुरू झाले, दवाखान्यात कधी हलवले, डॉक्टर काय म्हणाले, शेवटच्या क्षणी जवळ कोण होते, हे सारे बारीकसारीक तपशिलांसह सांगितले जाते. आणि जे आयुष्य त्या माणसाने आपल्यामध्ये राहून काढले, त्याची बोळवण मात्र 'प्रेमळ, मनमिळाऊ व परोपकारी' या तीन विशेषणांवर होते. संस्था, मंडळे, वसाहती वर्षातून एकदा दिवंगत सभासदांची नावे वाचून दाखवतात, सगळे उभे राहून मौन पाळतात. त्या रीतीला माझा विरोध नाही. पण त्या यादीतून कळते ते एवढेच की ही माणसे आता आपल्यात नाहीत, आणि ते तर आपल्याला आधीच ठाऊक असते.

मरणाकडे डोळे लावून जगण्याकडे काणाडोळा करण्याची ही खोड जुनी आहे. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराच्या कल्पनेतून १९०० साली एक स्मारक उभे राहिले. पुतळे राजांचे आणि सेनापतींचे होण्याच्या त्या काळात दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राण गमावलेल्या सामान्य माणसांची नावे लिहून ठेवावीत, हा विचार निःसंशय मोठा होता. तिथल्या एका फरशीवर अ‍ॅलिस एअर्सचे नाव आहे. ती एका मजुराची मुलगी होती आणि २४ एप्रिल १८८५ या तारखेसह तिने जळत्या घरातून तीन मुले कशी वाचवली, हे तिथे लिहिलेले आहे. वाचून मान आपोआप झुकते. तरीही ती आगीच्या आदल्या दिवसापर्यंत कशी जगली, कशावर चिडत असे, याचा तिथे मागमूस नाही. मरणाची कहाणी थोर ठरली म्हणूनच तिचे नाव उरले. ज्यांचे मरण साधे असते त्यांना त्या भिंतीवर जागाच नव्हती, आणि आपल्यातले बहुतेक जण साध्या मरणानेच जातात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहत असत. त्यांच्या दाराआड एका लाकडी पट्टीवर खिळे ठोकलेले होते आणि त्या खिळ्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या लटकत असत. कोणती किल्ली कुणाची हे कळावे म्हणून प्रत्येकीला निराळ्या रंगाचा दोरा बांधलेला होता, कारण त्यांना अक्षरे नीट दिसत नसत. शाळेतून लवकर परतलेली मुले, कामावरून उशिरा येणाऱ्या बायका, किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेले आमच्यासारखे वेंधळे, सगळ्यांची वाट त्यांच्या दारावरून जात असे, आणि किल्ली देताना चार शब्द सुनावल्याशिवाय त्या कधीही सोडत नसत. त्या गेल्या तेव्हा शोकसभेत त्यांना 'वात्सल्याची मूर्ती' म्हटले गेले. मला ते ऐकवेना. त्या मूर्ती अजिबात नव्हत्या. त्या तापट होत्या, भोचक होत्या आणि साऱ्या इमारतीने आपले घर विश्वासाने त्यांच्या हाती दिले होते. या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच त्या बाई डोळ्यांपुढे येतात. पट्टी काढली तेव्हा तिच्यावर दोन किल्ल्या अशा कुटुंबांच्या निघाल्या, जी केव्हाच दुसरीकडे राहायला गेली होती.

तपशिलाची ही ताकद वृत्तपत्रांनाही एका मोठ्या आघातानंतर नव्याने उमगली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मृतांची लहान शब्दचित्रे छापायला सुरुवात केली. प्रत्येक चित्र साधारण दोनशे शब्दांचे असे आणि वर्षअखेरपर्यंत अशी १,८०० हून अधिक चित्रे छापून झाली होती. त्यांत हुद्दा आणि पदव्या यांना दुय्यम स्थान होते. एखाद्याचा छंद, सवय, लकब यांना पहिले. कंपनीचा बडा अधिकारी आणि उपाहारगृहातला कामगार यांना सारखीच जागा मिळाली. माझी तक्रार एकच आहे: त्या पानांत जवळजवळ सगळेच आनंदी, कुटुंबवत्सल आणि हसतमुख आहेत. इतकी माणसे आणि त्यांत कुणी चिक्कू, हेकट किंवा आळशी नसावा, हे कसे पटावे?

त्या बाबतीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'चे ह्यू मॅसिंगबर्ड यांचे काम मला अधिक जवळचे वाटते. १९८६ मध्ये मृत्युलेखांचा विभाग हाती घेतल्यावर त्यांनी त्यातला स्तुतिपाठ काढून टाकला आणि माणसाचे विक्षिप्तपण, फसलेले बेत, खोडी यांना मानाने जागा दिली. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे मान्यच आहे. परंतु खरे बोलणे आणि वाईट बोलणे यांत अंतर आहे, आणि ज्याला त्या माणसाबद्दल आपुलकी होती त्याला ते अंतर बरोबर कळते. अर्थात घरच्यांना दुखावणारी, आजारपणाची किंवा मृत्यूच्या कारणाची त्यांना उघड करायची नसलेली गोष्ट लिहू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न कुणाबद्दल लिहायचे याचा. ज्यांच्या नावापुढे माजी अध्यक्ष, खजिनदार, संस्थापक असे काही लावता येते, त्यांच्यावर चार भाषणे होतात. ज्यांनी पडद्याआड राबून त्यांची अध्यक्षपदे चालवली त्यांच्यावर एकही होत नाही, आणि अशांत बायकांचे प्रमाण किती असते हे आपण सगळे जाणून आहोत. ही चूक केवळ गल्लीतली नव्हे. १८५१ पासून निघणाऱ्या त्याच 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ८ मार्च २०१८ रोजी, आजवर ज्यांचे मृत्युलेख छापायचे राहून गेले अशा पंधरा स्त्रियांवर एकदम लिहिले. त्यांत गणितज्ञ एडा लव्हलेस होत्या, कादंबरीकार शार्लट ब्रॉण्टे होत्या आणि १९६९ मध्ये वारलेली आपली मधुबालाही होती. मधुबालेला जिथे ४९ वर्षे थांबावे लागले, तिथे वसाहतीच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर सतरंज्या गोळा करणाऱ्या बाईंची दखल कोण घेणार?

घेणार ते आपणच, कारण दुसरे कुणी घेऊ शकत नाही. २४ मे २०२० रोजी, अमेरिकेतील कोविडबळींची संख्या एक लाखाच्या घरात पोहोचली असताना, 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पहिले पान केवळ नावांनी भरले होते. एक हजार नावे आणि प्रत्येकापुढे एखादी ओळ. बाण्णव वर्षांच्या एका आजींपुढे लिहिले होते की त्या गायला किंवा नाचायला कधी घाबरल्या नाहीत. या ओळी मुख्य कार्यालयात बसून कुणी रचल्या नव्हत्या. ठिकठिकाणच्या लहानमोठ्या वृत्तपत्रांत आलेल्या मृत्युलेखांतून त्या वेचल्या होत्या. म्हणजे आधी कुणी नातलगाने, शेजाऱ्याने, स्थानिक बातमीदाराने त्या आजींचे नाचणे लिहून ठेवले, म्हणून ते देशापुढे आले.

आणि हे काम लवकर करावे लागते. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येकाजवळ एखादी गोष्ट असते, पण ती वेगवेगळ्या लोकांकडे विखुरलेली असते. सहकाऱ्याला ठाऊक असलेले घरच्यांना ठाऊक नसते आणि लहानपणच्या मित्राला ठाऊक असलेले दोघांनाही नसते. वर्ष उलटले की त्या गोष्टींची विशेषणे होतात. फेसबुकने २००९ मध्ये दिवंगतांची खाती स्मरणार्थ जपण्याची सोय केली आणि २०१५ मध्ये आपल्यामागे खाते कुणी सांभाळावे हे नेमून ठेवण्याचीही. सोय चांगली आहे, पण तिथे जमा होते काय? शेकडो हात जोडलेली चित्रे. त्याऐवजी प्रत्येकाने एक प्रसंग लिहिला असता तर घरच्यांना वाचायला काही उरले असते.

आमच्या वसाहतीत या वर्षी गेलेल्यांची टिपणे तयार करण्याचे काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतले आहे. शब्दांची मर्यादा सर्वांना सारखी आहे, पदे शेवटी येतील, विशेषणे खोडली जातील आणि मजकूर छापण्याआधी घरच्यांना दाखवला जाईल. जे गृहस्थ एकटे राहत होते आणि ज्यांचे कुणी नातलग आम्हाला सापडलेले नाहीत, त्यांच्याबद्दल आतापर्यंत एवढेच हाती आले आहे की ते रोज पहाटे जिन्यातले दिवे स्वतःहून मालवत आणि बुद्धिबळ उत्तम खेळत. ते कुणाशी खेळत, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया मला कळवावे.