९१ अश्वशक्तीचं क्वाड मागे का पडलं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

मोठ्या इंजिनाच्या स्पोर्ट क्वाडच्या, म्हणजे हँडलनं चालवायच्या चारचाकी मोकळ्या गाड्यांच्या, माझ्या तुलनेवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. सूर कडक आहे, पण आक्षेप मुद्द्याला धरून आहेत, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅन-ॲम रेनेगेड १००० ला ९१ अश्वशक्ती, म्हणजे ‘दुप्पट ताकद’, असताना मी यामाहा रॅप्टर ७०० ला वरचा क्रमांक दिला, ही आकड्यांची उघड पायमल्ली आहे. सरळ रेषेतली शर्यत आणि टॉप स्पीड एवढंच मोजता येतं. बाकी सगळं ‘चालवताना कसं वाटलं’ यात मोडतं आणि वाटण्याला क्रमांक देता येत नाही. होंडाचं टीआरएक्स ७०० एक्सएक्स मी खाली ढकललं, कारण मला जुन्या पद्धतीची यंत्रं आवडतात. आणि रॅप्टर एवढं भारी असेल तर मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर सगळीकडे ४५० सीसीचीच क्वाड का?

मी क्रम बदललेला नाही आणि बदलणारही नाही. त्याची कारणं सांगतो.

सुरुवात मागच्या ॲक्सलपासून करावी लागेल. रॅप्टरसारख्या स्पोर्ट क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मोटारीत हा फरक डिफरेन्शियल सांभाळतं. इथे ते नाहीच. दोन्ही चाकं सक्तीनं एकाच वेगानं फिरतात. त्यामुळे हँडल वळवलं तरी क्वाड सरळ जायलाच बघतं. ते वळवायचं तर मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटावी लागते, आणि ती चालकच सोडवतो: अंग आतल्या बाजूला झोकून आणि अंगठ्यानं थ्रॉटल दाबून. म्हणजे या यंत्रात इंजिन नुसतं पुढे ढकलत नाही, वळवण्याचं अर्धं काम तेच करतं.

माझ्या सगळ्या तुलनेचा पाया हा आहे. थ्रॉटल थोडासा जास्त दाबला तर मागची चाकं किती घसरतील, हे आधी कळतं का? पुढच्या वळणावरही तितकीच घसरतील का? डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण डायनोवरचा तो ठळक आकडा थ्रॉटल पूर्ण उघडून घेतलेला असतो. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवणारा चालक मी अजून पाहिलेला नाही.

आता रॅप्टरचं इंजिन पाहा. एकच सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका वेळची धाव) ८४ मिलीमीटर, एकूण ६८६ सीसी. त्याच कंपनीच्या वायएफझेड ४५० आर मध्ये बोअर ९५ आणि स्ट्रोक ६३.४. मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर रॅप्टरच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या पुढे जातो. ४५० चा त्याच फेऱ्यांवर १९ मीटर असतो. पिस्टन जितका वेगात पळतो तितका इंजिनावर ताण, त्यामुळे ४५० बिनधास्त वर फिरवता येतं, रॅप्टर नाही. रॅप्टरची ताकद खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत आहे. लोक याला उणीव म्हणतात, मी याच गोष्टीला गुण दिले. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरावं, क्लचला बोट न लावता थ्रॉटल दाबावा आणि मागची चाकं सांगितल्यासारखी सरकावीत, हे रॅप्टरवर दर वळणाला घडतं. ४५० वर तेच करायचं तर एक गिअर खाली यावं लागतं, इंजिन चढं ठेवावं लागतं, कधी क्लचही खेळवावा लागतो. ताज्या दमाच्या, तरबेज चालकाला यात काहीच अडचण नाही. पण अंगठा थकतो, कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठरतात, आणि मग अर्धा गिअर चुकला तरी वेळ जातो.

रेनेगेडकडे वळू. ते वाईट यंत्र आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ९७६ सीसीचं रोटॅक्स व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन, चारही चाकांना ताकद, पट्टा आणि पुलीवर चालणारं सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली आपोआप बदलणारी यंत्रणा. पण तुमच्या ‘दुप्पट ताकद’ या शब्दाचा जरा हिशेब करू. ९१ हा निर्मात्यानं दिलेला इंजिनाचा आकडा आहे. रॅप्टरचा ४० ते ४५ अश्वशक्तीचा जो आकडा तुम्ही शेजारी ठेवलात, तो डायनोवर चाकापाशी मोजलेला आहे. दोन्ही एका रांगेत बसत नाहीत. तरी वादापुरतं दुप्पट धरू. रॅप्टर पेट्रोल-तेलासह १९२ किलोच्या आसपास. त्यावर ८५ किलोचा चालक, म्हणजे २७७. रेनेगेडचं कोरडं वजनच सव्वातीनशे किलोच्या घरात जातं. त्यात पेट्रोल, तेल, कूलंट आणि तोच चालक धरला की ४३० च्या जवळ पोचतो. दर किलोमागे ताकद काढली तर दुप्पट उतरून १.३ पटीवर येते. ९१ पैकी पट्ट्यात आणि शाफ्टमध्ये जाणारा वाटा तर यात धरलेलाच नाही.

सरळ, कोरड्या, मोकळ्या जमिनीवर तरीही रेनेगेड पुढे जाईल. मूळ लेखात तसं लिहिलंही होतं. पण ते दीडशे किलो जास्तीचं वजन पुढच्या वळणाआधी थांबवायचं असतं, आणि खाचखळग्यांत सस्पेन्शनला तेच वजन पुन्हा पुन्हा सावरायचं असतं. शिवाय सीव्हीटीत वळणात शिरण्याआधी इंजिनाच्या फेऱ्या तुम्ही ठरवत नाही, पुली ठरवते. थ्रॉटल सोडून परत दाबला की पट्टा पकड घेईपर्यंत एक छोटा उशीर होतो. चढावर तो जाणवतही नाही. घसरत घेतलेल्या वळणात मात्र नेमका त्याच क्षणी इंजिनाकडून प्रतिसाद हवा असतो. कावासाकीच्या केएफएक्स ७०० मध्ये, म्हणजे २००४ साली आलेल्या ६९७ सीसीच्या व्ही-ट्विनमध्ये, हाच अनुभव होता. सुटताना झकास, गिअर बदलायची कटकट नाही, आणि वळणात चालक इंजिनाची वाट पाहतोय.

टॉप स्पीडबद्दल फार लिहीत नाही. साखळीवर चालणाऱ्या क्वाडचं पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) १४ ऐवजी १३ दातांचं लावा, त्याच फेऱ्यांवरचा वेग सात टक्क्यांनी उतरतो आणि खालचा जोर साधारण तेवढाच चढतो. संध्याकाळच्या कामात बदलता येणाऱ्या आकड्यावर मी क्रम लावणार नाही. डायनोचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतानाही ते कोणत्या दुरुस्ती-गुणकाचे (हवेचा दाब-तापमान धरून आकडा जुळवण्याच्या पद्धतीचे) आहेत हे विचारा. ‘एसएई’ आणि ‘एसटीडी’ या दोन पद्धतींत त्याच इंजिनाचा आकडा साधारण चार टक्क्यांनी वेगळा येतो. उंचीचंही तेच. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, पण हवेतला कमी झालेला ऑक्सिजन परत आणत नाही. १,५०० मीटरवर सगळ्यांचंच नुकसान होतं, मात्र मोठ्या इंजिनाकडे चढ खेचण्यापुरता जोर शिल्लक राहतो आणि ४५० ला एक गिअर खाली यावं लागतं. मोठ्या सीसीचा खरा फायदा मला इथे दिसतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सीसीवरून आठवलं. सीसी म्हणजेच ताकद असं मानणाऱ्यांनी यामाहा बॅन्शीकडे जरूर पाहावं. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक जोडसिलिंडर, अमेरिकेत १९८७ ते २००६ इतका काळ विकलं गेलं. नीट ट्यून केलेल्या बॅन्शीनं वाळूच्या टेकड्यांवर जवळजवळ दुप्पट सीसीच्या फोर-स्ट्रोकना मागे टाकलेलं आहे, कारण टू-स्ट्रोक दर फेरीला पेटतं, फोर-स्ट्रोक दर दोन फेऱ्यांना. पण तिचा जोर फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच येतो. सुझुकीचं एलटी ५०० आर, ज्याला सगळे क्वाडझिला म्हणायचे, ते तर अर्ध्या लिटरचं एकसिलिंडर टू-स्ट्रोक होतं. त्या यंत्रांचा दरारा मला मनापासून पटतो. झाडांतल्या अरुंद वाटेवर मात्र मी दोन्हींपैकी एकही निवडणार नाही.

होंडाबद्दलचा तुमचा आरोप मला लागला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. टीआरएक्स ७०० एक्सएक्स २००८ आणि २००९ अशी दोनच वर्षं आलं. मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणारं सस्पेन्शन हे त्याचं वैशिष्ट्य. दगडांच्या, मुळांच्या वाटेवर एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीला धरून राहतं आणि बसणाऱ्याच्या कमरेला हादरा कमी बसतो. याचे गुण मी पूर्ण दिले होते. पण घसरत वळताना सलग ॲक्सलची दोन्ही चाकं जमिनीशी तोच कोन राखतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये क्वाडचं अंग एका बाजूला कलतं, चाकाचा कोन बदलतो आणि घसरणं कुठे थांबेल याचा अंदाज सैल होतो. त्यात वजन २२९ किलोच्या आसपास. पोलारिसनं आऊटलॉ ५२५ दोन्ही प्रकारांत विकलं, स्वतंत्र सस्पेन्शनचं आणि सलग ॲक्सलचंही. एकच तंत्र सर्वत्र श्रेष्ठ असतं तर दुसऱ्या प्रकाराची गरजच पडली नसती. माझ्या आवडीनिवडीचा इथे संबंध नाही. वाट वळणांची होती, म्हणून गुण कमी झाले.

मोटोक्रॉसबद्दल आपलं एकमत आहे. तिथे ४५० च हवं. मुख्य वर्गाच्या क्षमतेची मर्यादाच ४५० आहे हे एक कारण, पण नियम काढून टाकले तरी मी उंच उड्यांच्या ट्रॅकवर ४५० च घेईन. वायएफझेड ४५० आर जवळपास १८४ किलो आणि १,२४० मिलीमीटर रुंद. रॅप्टर ७०० आर १,१७० मिलीमीटर. उडीनंतर जमिनीवर आदळताना ती रुंदी आधार देते. झाडांच्या मधून जाताना तीच रुंदी अडते. माझी तुलना उड्यांच्या ट्रॅकची नव्हती, लांबच्या मिश्र वाटेची होती.

लांब पल्ल्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे डकार ही अनेक दिवसांची शर्यत. २००९ मध्ये योसेफ माखाचेकनं क्वाडचा गट रॅप्टर ७०० वर जिंकला. तिथपासून २०२४ मध्ये मानुएल आंदुहारनं जिंकेपर्यंत, म्हणजे २०२५ ला तो गटच काढून टाकला जाईपर्यंत, प्रत्येक विजेता यामाहावर होता. याचा वापर मी रेनेगेड १००० विरुद्ध करणार नाही, कारण तिथे क्षमतेवर मर्यादा होती आणि हजार सीसीला प्रवेशच नव्हता. पण दिवसेंदिवस, हजारो किलोमीटर, थकलेल्या हातांनी चालवायचं असतं तेव्हा एकसिलिंडरचं हे साधं इंजिन काय देतं, हे त्यातून नक्की दिसतं.

राहिला तुमचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, वाटणं मोजता येत नाही हा. येतं. एकच चालक, वाटेचा तोच फेरा, टायर तेच, त्यांतली हवा आधी मोजलेली. क्वाडच्या टायरमध्ये हवा अवघी चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असते, तिथे एका पीएसआयनंही वागणूक बदलते, म्हणून ही अट सोडू नका. मग पहिल्या फेऱ्याची वेळ आणि चालक दमल्यानंतरच्या फेऱ्याची वेळ यांतला फरक काढा. जे यंत्र ताब्यात राहतं त्याचा फरक लहान असतो. जे चालकाला झगडायला लावतं त्याचा मोठा. सर्वांत वेगवान एकच फेरा पाहिला तर रेनेगेडचं आणि ४५० चं नाव वर येईल. मी उशिराचे फेरे पाहतो, कारण क्वाड घेणारे बहुतेक जण दमलेलेच घरी परततात आणि अपघातही जास्त करून तेव्हाच होतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमची वाट ओल्या दगडी चढांची आणि चिखलाची आहे, मग काय घ्यावं. रेनेगेड घ्या. तिथे चारही चाकांना ताकद हवी, सावकाश चढायचं असतं आणि सीव्हीटीचा उशीर आड येत नाही. वाळू किंवा सुक्या मातीची वळणं जास्त असतील तरच रॅप्टर. आणि घेतल्यावर वरच्या पद्धतीनं वेळा काढल्यात, तर टायरची हवा आणि चालकाचं वजन यांसह इथेच लिहा; माझ्या क्रमाच्या विरुद्ध निघाल्या तरी त्या मूळ लेखाच्या शेजारी लावीन.