आमच्या वॉर्डात नीट गरीब कसं व्हावं

परवा रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला आणि मला कळलं की मी श्रीमंत झालोय. आधी दोन वेळा अंगठा लागलाच नाही, बावीस वर्षं लेथवर काम केल्यावर बोटाला रेघा कुठल्या राहणार, तिसऱ्यांदा लागला आणि दुकानदारानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचा. "तांदूळ नाही बे तुला आता," म्हणाला, शाळेतला दोस्त आहे, आणि वर पेढे कधी देतोस म्हणून विचारलं. मागं रांगेतल्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या की लॉटरी लागलेली मी सगळ्यांपासून लपवून ठेवलीय.

त्यानंतर दोन खाडे झालेत. चार खिडक्या बघितल्या. झेरॉक्सवाला आता मला बघून विचारतच नाही, सरळ आधारच्या दोन्ही बाजू काढून देतो. एवढं हिंडून जे ज्ञान मिळालंय ते फुकट वाटून टाकतो, कारण आमच्या बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागात गरीब लई आहेत पण नीट गरीब फार कमी. नुसती गरिबी असून भागत नाही, ती करता यायला पाहिजे.

पहिल्यांदा एक आकडा पाठ करा. १,२०,०००. वर्षाला एवढ्याच्या आत सगळ्या घराचं उत्पन्न, तरच बीपीएल, म्हणजे रेषेच्या खालचे. म्हणजे महिन्याला १०,०००. महिन्याचे २६ दिवस भरले तर हजेरी ३८४ रुपये पडते. ३८५ झाली की तुम्ही सधन. बायको ब्लाऊज शिवत असली तर तेही यात धरायचं, म्हणजे शिवू नका म्हणून सांगा तिला. आता गंमत बघा, याच राज्याच्या सरकारनं जे किमान वेतन ठरवलंय ते महिन्याला दहा हजाराच्या वर आहे. म्हणजे मालकानं कायद्यानं पगार दिला की तुमची गरिबी गेली. गरीब राहायचं असेल तर मालकानं कायदा मोडायला पाहिजे. तेव्हा पगारवाढ मागू नका, ओटीचे पैसे मागू नका, आणि काँट्रॅक्टर हजेरीत दोन दिवस कमी लिहीत असला तर त्याच्या पाया पडा, तुमचं कार्ड तोच सांभाळायलाय.

तिकडं दिल्लीवाले सांगतात १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही. त्याच दिल्लीचं १० टक्के आरक्षण आहे, त्यात ८ लाखांच्या आतला माणूस आर्थिक दुर्बल. आणि आमचा १ लाख २१ हजारवाला खाऊन पिऊन सुखी. मी चौथीत असताना शून्याला किंमत नसते म्हणून मास्तरांनी शिकवलेलं, ते चुकलं.

चारचाकी घेऊ नका. हातगाडीलाही चार चाकं असतात, रात्री ती बोळात ढकलून ठेवा.

घराचं काय करायचं ते तुमच्या आजोबांना विचारा. माझ्या आजोबांनी मागासाठी घर बांधलं, पुढं एक खोली आणि मागं लांबच्या लांब मागाची खोली. चार यंत्रमाग होते, रात्री खटखट थांबली की आम्हाला जाग यायची. पुढं सूत महागलं, साडीला भाव मिळेना, लॉकडाऊनमध्ये दोन माग किलोवर भंगारात गेले आणि वर्षभरात राहिलेले दोन. माग गेले पण खोली कुठं जाणार! शहरात १००० स्क्वेअर फुटांच्या वर स्वतःचं पक्कं घर असलं की गरिबात बसत नाही असा नियम आहे, आणि त्या रिकाम्या खोलीमुळं आमचं घर बसत नाही. आत आम्ही तीन भाऊ, तीन चुली, मधे प्लायवूड. कागदावर अजून आजोबांचं नाव, ते वारून तीस वर्षं झाली. म्हणजे आमच्या वॉर्डात सगळ्यात मोठा पैसेवाला माझा मेलेला आजा.

आता मुख्य सल्ला. कर्ज मागू नका, आणि मागितलंत तरी रिटर्न भरू नका. तीन वर्षांमागं मला वाटलं किती दिवस दुसऱ्याच्या लेथवर उभं राहायचं, एक जुनी मालवाहू रिक्षा घ्यावी, सकाळी मार्केटच्या चार फेऱ्या मारल्या तरी हप्ता निघतोय, म्हणून बँकेत गेलो तर तिथला पोरगा म्हणाला काका दोन वर्षांचं रिटर्न लागतंय. मी म्हटलं बाबा मला टॅक्सच बसत नाही तर रिटर्न कसलं, तर म्हणाला शून्य टॅक्सचं भरायचं, सगळे भरत्यात. मग एका टॅक्सवाल्याकडं गेलो. त्यानं दोन हजार घेतले आणि उत्पन्न विचारलं. मी खरं सांगितलं तर हसला. एवढ्यावर कोण कर्ज देणार म्हणाला, साडेतीन लाख टाकू, बँकेला बरं दिसतंय. टाक म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणतरी माझा पगार वाढवायला लागलेला, मी कशाला नको म्हणू! चूक माझीही आहे, ते कबूल करतो. दीड महिन्यानं बँकेनं कळवलं की सिबिल कमी आहे, जमत नाही. कमी का, तर हप्त्यावर मोबाईल घेतलेला आणि लॉकडाऊनमध्ये दोन हप्ते चुकले.

म्हणजे रिक्षा आली नाही, लेथ सुटला नाही, दोन हजार गेले, आणि ते साडेतीन लाख मात्र कुठल्यातरी कॉम्प्युटरात सुखानं नांदत राहिले आणि आता बाहेर आले. आमचं पाण्याचं बिल आणि घरपट्टी एका नावावर यायला वीस वर्षं पुरली नाहीत, आधारवरचा मी आणि शाळेच्या दाखल्यावरचा मी अजून दोन वेगळी माणसं आहोत, पण माझं शून्य टॅक्सचं रिटर्न बरोबर बेंगळूरला पोचलं. कार्ड गेलं आणि त्याच्या मागोमाग बायकोला सरकारकडनं महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे २००० बंद. बाई किंवा तिचा नवरा इन्कम टॅक्स भरत असला तर मिळत नाहीत, नियम आहे. मी खिडकीतल्या माणसाला म्हटलं साहेब मी टॅक्स भरत नाही, हे बघा शून्य, शून्याला काय भरणं म्हणत्यात का? तर म्हणे टॅक्स भरत नाही असा दाखला आणा. तो कुठं मिळतोय? टॅक्सच्या ऑफिसात. तिथं गेलो तर तिथला शिपाईच म्हणाला असला दाखला आम्ही देत नाही. परत खिडकीवर आलो तर "सर्व्हर इल्ल री, नाळे बर्री." नाळे म्हणजे उद्या, उद्या म्हणजे अजून एक खाडा, खाडा म्हणजे ५०० रुपये गेले. दोन हजार परत मिळवायला माझे हजार जाऊन बसले आणि हातात काय तर झेरॉक्स. मी साडेतीन लाख कमवत नाही याचा दाखला मला कोण देणार, लेथ देणार?

आणि कोण म्हणायला लागलं की फुकटच्या पैशानं बायका आळशी झाल्यात तर त्याला माझ्या घरी पाठवा. पोरीची व्हॅन आणि गॅस, संपले दोन हजार. बायकोची बहीण चंदगडला दिलीय, ती तिकडं १५०० ची लाडकी. आमची इकडं लक्ष्मी, ती आता शून्याची.

खिडकीच्या चकरांना बायकोलाच पाठवा, तिला बसचं तिकीट लागत नाही.

भाषेचं मी काही बोलत नाही. फॉर्म कन्नडात असतोय, भरून देणारा पोरगा बाहेर बसलेला असतोय, त्याचे ५० रुपये. जास्त बोललो तर विषय १९५६ ला, सीमाप्रश्नाला जातो आणि तिथनं परत यायला शेवटची बस नसते.

पोरांचं म्हणाल तर त्यांना बेकारी नीट निवडायला शिकवा. युवा निधी पाहिजे असेल तर डिग्री करा, बेकार राहिलात की महिन्याला ३००० मिळत्यात, डिप्लोमाला १५००, दोन वर्षं. आयटीआय करू नका, आयटीआयवाला सरकारच्या हिशेबात बेकारच नसतोय. पास झाल्यावर सहा महिने कुठं कामाला लागू नका आणि मधे मधे ऑनलाईन लिहून देत राहा की मी अजून बेकार आहे. माझा पुतण्या डिप्लोमावाला, त्याला हे लिहून द्यायची लाज वाटली. गेला शिनोळीला कामाला. दिवसा महाराष्ट्रात, रात्री झोपायला कर्नाटकात, सीमाप्रश्न त्यानं एका मोटारसायकलवर सोडवला. त्याच्याबरोबरचे चौघे पुण्याला, दोघे गोव्यात हॉटेलात. गल्लीत संध्याकाळी क्रिकेटला पोरं भरत नाहीत आता, पाच-पाचची टीम करत्यात.

स्थानिक रोजगार पाहिजेच असेल तर डिसेंबर धरा. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतंय, दहा-बारा दिवस मांडववाले, खुर्च्यावाले, केटरिंगवाले, रिक्षावाले सगळे खूश. रस्त्यावर डांबर पडतं. बाहेर कोंडसकोप्पला आंदोलनवाल्यांचे तंबू लागत्यात, तिथं चहाची गाडी लावा, अंगणवाडीच्या बायका, विणकर, शेतकरी सगळे येत्यात, गरिबांना गरीब गिऱ्हाईक मिळतंय. २०१२ ला त्या इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या वडिलांनी सांगितलेलं की आता बघ, सगळी ऑफिसं इकडं येणार, पोरांना नोकऱ्या लागणार. वडील माणूस साधा होता.

नगरसेवकाकडं जाऊ नका. तो म्हणतोय हे फूड खात्याचं आहे. खातं म्हणतंय हे बेंगळूरहून झालंय.

पण निवडणुकीत जरूर भेटा. तेव्हा तुमचं उत्पन्न कोण विचारत नाही. एपीएल, बीपीएल भेद नाही, सगळ्यांना एकच कुकर. पुण्याच्या पोरांना आणायला गाडी जाते, रात्रभर चालून सकाळी सातला बूथवर उतरवते, वाटेत जेवण. पोरगं कामासाठी गाव सोडून गेलं तेव्हा त्याला स्टँडपर्यंत सोडायला कोण आलं नव्हतं. मत देऊन झालं की परत जायचं तिकीट आपलं आपण काढायचं.

बरं, मस्करी पुरे. खरं सांगतो, मला त्या खिडकीतल्या माणसाचा एवढा राग नाही येत, त्याच्यापुढं दोनशे लोक आणि एक कॉम्प्युटर. मला राग तुमचा येतो. होय, हे वाचून हसायला लागलेल्यांचा. आमच्याच गल्लीत दोन मजल्यांचं घर आहे, खाली दोन गाळे भाड्यानं दिलेत, गाडी मेव्हण्याच्या नावावर, आणि बीपीएल कार्ड ठणठणीत. बुलेटवरनं येतोय, तांदूळ उचलतोय आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याला तिथंच विकतोय. सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं, पाच वर्षं माहीत होतं, मी काय बोललो? माझं चालू होतं म्हणून गप्प बसलो. शेजारच्या म्हातारीचं कार्ड गेल्या वर्षी बंद पडलं, अंगठा लागत नव्हता तिचा, तेव्हा मी "बघू की" म्हणून कामावर गेलो. आता माझ्यावर आली तेव्हा लिहायला बसलोय.

आणि तुम्ही मत मागायला आलेल्याला काय विचारलंत सांगा बघू? गटार, लाईट, गणपतीची वर्गणी. आमच्या भागातले माग का गेले, फौंड्रीत पोरांना कायम का करत नाहीत, किमान वेतन वहीत एक आणि हातात एक का, यातलं एक तरी विचारलंत का? कुकरचं झाकण नीट बसत नाही म्हणून बदलून मागायला मात्र सहा जण गेले होते. सहा जण! मी मोजलेत, कारण त्यातला एक मी होतो.

शेजारची म्हातारी काल बायकोला म्हणाली, तुमचा गेला तर माझंही विचारून ये म्हणावं. तिचे कागद बायकोनं माझ्या पिशवीत घालून ठेवलेत. टोकन नऊला देत्यात पण रांग सहालाच लागते. सुपरवायझरला फोन केला, उद्या येत नाही म्हणून. हा तिसरा. म्हणाला, मग परवा तरी ये, तुझ्या लेथवर दुसरा पोरगा बघून ठेवलाय.