डेमॉस्थेनिसच्या मागोमाग घरात शिरलेला माणूस

आज सकाळी एका जुन्या परिचितांनी गटावर एक संदेश पाठवला. खवळलेल्या समुद्रासमोर पाठमोरा उभा असलेला एकटा पुरुष, आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर असा की, प्राचीन ग्रीसमधला डेमॉस्थेनिस तोतरा होता, त्याने तोंडात गारगोट्या धरून सराव केला, कोणाचीही मदत घेतली नाही आणि तो जगातला सर्वश्रेष्ठ वक्ता झाला. म्हणून आपले ध्येय कोणाला सांगत बसू नका, एकट्याने झिजा, पुढचे यशच बोलेल. दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. एरवी असले संदेश मी उघडूनही पाहत नाही. परंतु मी स्वतः लहानपणापासून अडखळत बोलते, त्यामुळे निदान या एका विषयावर मला गप्प बसवत नाही.

ज्या चरित्रात या गारगोट्यांची हकीकत आहे, ते प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने डेमॉस्थेनिसनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहिले. त्याच चरित्रात, गारगोट्यांच्या आधी, आणखी एक प्रसंग आहे आणि तो या संदेशवाल्यांना कधीच दिसत नाही. सभेत फजिती झालेला डेमॉस्थेनिस तोंड झाकून घरी निघालेला असताना सॅटिरस नावाचा त्याच्या ओळखीचा एक नट त्याच्या मागोमाग चालत जातो आणि त्याच्याबरोबर घरात शिरतो. मी सर्वांपेक्षा अधिक कष्ट घेतो तरी लोक माझे ऐकत नाहीत आणि दारुड्यांचे ऐकतात, असे रडगाणे डेमॉस्थेनिस गातो. सॅटिरस त्याचे सांत्वन करत नाही. तो त्याला एका नाटकातला उतारा म्हणायला लावतो, मग तोच उतारा स्वतः म्हणून दाखवतो, आणि डेमॉस्थेनिसला आपल्या बोलण्यात काय उणे आहे ते त्या क्षणी कळते. प्रसिद्ध पावलेली ती तळघरातली सरावाची खोली आणि बाहेर पडता येऊ नये म्हणून अर्धे डोके भादरून घेणे, हे सगळे त्यानंतरचे आहे. या कथांमध्ये इतिहास किती आणि रचना किती, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. पण कथाच सांगायची असेल तर अर्धी का सांगता? सॅटिरसला चित्रातून कापून काढण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

अडखळत बोलणे म्हणजे काय असते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. शब्द आठवत नाही असे कधीच होत नसते. शब्द तयार असतो, जिभेच्या टोकाशी येऊन उभा असतो, आणि नेमका तेव्हाच गळा मिटतो. मग आपण त्याच अर्थाचा दुसरा, सोपा शब्द शोधतो आणि वाक्य वळवून नेतो. वर्षानुवर्षे असे करत राहिल्याने आपण बोलण्यात चतुर आहोत असा लोकांचा गैरसमजही होतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. म्हणून दूरध्वनीवर स्वतःचे नाव सांगणे हे आमच्यापैकी अनेकांना भाषण करण्याहून कठीण वाटते.

माझे ध्येय ऐकून कोणाला हसू येईल इतके ते लहान होते. कार्यालयातील मासिक बैठकीत माझ्या विभागाचा अहवाल मी तयार करत असे आणि तो वाचत असे शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी, आणि तो अहवाल मला स्वतः वाचायचा होता. बाकी काही नाही. आमच्या हिशेब विभागात एक ज्येष्ठ बाई आहेत, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्यांनी एकदा जिन्यात थांबवून मला सरळ विचारले, ‘तुझा अहवाल तो का वाचतो?’ मी कारण सांगितले. त्यांनी ‘अरेरे’ म्हटले नाही. त्यांनी विचारले, ‘मग तू कधीपासून वाचणार आहेस?’

हा प्रश्न मला तोपर्यंत कोणीही विचारला नव्हता. धीर देणारे पुष्कळ होते. ‘तू करशील गं, तुझ्यात ती ताकद आहे’ असे म्हणणाऱ्यांची मला कधीच उणीव भासली नाही, आणि आज त्यांच्याविषयी लिहिताना माझी बोटे जरा जोरातच आपटत आहेत. ‘करशील’ म्हणायला काय लागते? ते म्हणून झाले की म्हणणाऱ्याचे काम संपते आणि करणारीचे जिथल्या तिथे राहते. दुसरा प्रकार ‘हळू बोल, खोल श्वास घे’ असे सांगणाऱ्यांचा, जणू इतक्या वर्षांत हा विचार मला सुचलाच नव्हता. ताईंनी तारीख विचारली, ती लक्षात ठेवली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारले. त्यांच्या त्या पुन्हा विचारण्याचा मला राग येत असे, हेही येथे लिहून ठेवते.

माझ्या स्पीच थेरपिस्टनी सांगितले होते की, दुसऱ्या कोणाबरोबर एकाच वेळी, एका सुरात वाचले तर अडखळणारी बहुतेक माणसे जवळजवळ सुरळीत वाचतात. हे जुने, अनेकदा पडताळलेले निरीक्षण आहे. अडचण इतकीच की बरोबरचा आवाज थांबला की अडखळणे परत येते, म्हणून तो आवाज हळूहळू कमी करत न्यावा लागतो आणि त्यासाठी रोज कोणीतरी बरोबर बसावे लागते. मी हे ताईंना सहज बोलून गेले. त्या दिवशी कार्यालय सुटल्यावर त्या कपाटातून जुन्या लेखापरीक्षणाचे अहवाल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘चल.’ त्याहून नीरस वाङ्मय या पृथ्वीवर नसेल. आम्ही दोघी रिकाम्या खोलीत शेजारी बसून, न वसूल झालेल्या रकमांचे आणि अपुऱ्या पावत्यांचे परिच्छेद एका आवाजात वाचत असू. काही आठवड्यांनी त्यांनी आपला आवाज खाली आणला, पुढे नुसते ओठ हलवू लागल्या, आणि अखेरीस केवळ पान उलटण्यापुरत्या शेजारी राहिल्या. यातल्या एकाही दिवशी त्यांनी ‘छान’ म्हटल्याचे मला स्मरत नाही. त्यांची नेहमीची बस मात्र रोज चुकत असे, घरी उशीर होई, आणि ‘शाळा भरली का’ म्हणून विभागातले लोक त्यांची थट्टा करत. एका परक्या बाईच्या गळ्यातून चार वाक्ये सुटावीत म्हणून आपल्या संध्याकाळी देणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या प्रेरक संदेशात येते, ते मला कोणीतरी दाखवावे.

येथे आईविषयी लिहिणे भाग आहे, आणि ते रागाने लिहिता येणार नाही. माझे वाक्य अडले की आई ते पूर्ण करत असे. पाहुण्यांसमोर, दुकानात, डॉक्टरांकडे, सगळीकडे. माझी ओढाताण तिला पाहवत नसे, हेच त्याचे एकमेव कारण होते. तिच्या प्रेमाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. परंतु तिने पूर्ण केलेले प्रत्येक वाक्य माझ्या हातून निसटलेले वाक्य होते, आणि ते तिला सांगायचे तर पुन्हा तेच, शब्द अडणार. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पोहणाऱ्यांचा नियम मला म्हणूनच फार योग्य वाटतो. सोबतच्या नावेतून त्यांना अन्न देता येते, वाट दाखवता येते, हाका मारता येतात; पण पोहणाऱ्याला कोणी आधाराचा हात दिला की त्याचे पोहणे तेथेच बाद होते. गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीने 1925 मध्ये प्रथम प्रयत्न केला, तेव्हा तिच्या प्रशिक्षकानेच तिला पाण्याबाहेर काढवले आणि ती त्यावर संतापली, कारण आपण पुढे जाऊ शकलो असतो असे तिचे म्हणणे होते. पुढल्या वर्षी, 6 ऑगस्ट 1926 रोजी, वेगळा प्रशिक्षक, आणि वडील व बहीण नावेत असताना, हवामान बिघडूनही ती सुमारे साडेचौदा तासांत पार झाली. खाडी पोहणारी पहिली स्त्री, आणि तोवरच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी वेळात. कधी कधी पोहणाऱ्याला बाहेर ओढणाराच त्याचा जीव वाचवतो, हे मी मान्य करते. करावेच लागते.

बैठकीच्या दिवशी मी चांगली वाचत होते, आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘प्रलंबित’ या शब्दावर गळा मिटला. अशा वेळी खोलीतला प्रत्येक जण टेबलाकडे पाहू लागतो. आमचे साहेब सज्जन आहेत. त्यांनी माझ्या मदतीसाठी तो शब्द उच्चारायला तोंड उघडले. ताईंनी त्यांच्याकडे न पाहताच टेबलावरून तळहात किंचित उचलला, थांबा अशा अर्थाने. साहेब थांबले. सगळी खोली थांबली. शब्द आला. मग मी उरलेला अहवाल वाचला, त्यात आणखी दोनदा अडखळले, आणि पुढचा विषय निघाला. टाळ्या वगैरे काही झाले नाही, आणि ताईंना त्या चालल्याही नसत्या.

त्या उचललेल्या तळहाताइतकी मोठी मदत मला आजवर कोणी केलेली नाही. त्यांनी ना मला हात लावला, ना माझा शब्द घेतला; माझ्या वाट्याचा वेळ तेवढा इतरांकडून मला मिळवून दिला. कोणी म्हणेल, हे काय, इतकेसे. तर इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज आठवा. तो लहानपणापासून अडखळत असे आणि 1926 पासून लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन उपचारकाकडे जात होता. 3 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध जाहीर झाल्यावर, त्याला नभोवाणीवरून साऱ्या साम्राज्याशी बोलायचे होते, तेव्हा त्या लहानशा खोलीत लोग त्याच्याबरोबर होता. लोगने त्याला पूर्ण बरे केले नव्हते. राजाचे थांबे शेवटपर्यंत राहिले. तेरा वर्षांनंतरही लोग त्या खोलीत उपस्थित होता, एवढे खरे. राजाला तज्ज्ञ परवडतो, आम्हाला कोण, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या ताई मात्र तज्ज्ञ नव्हत्या, त्या बेरजा तपासत असत.

ज्यांच्या घरात ध्येय सांगितले की त्याची टवाळी होते, त्यांनी ते मनातच ठेवावे. अशी घरे मी पाहिली आहेत आणि तेथे गप्प राहण्याला मी शहाणपणच म्हणेन. एकट्याने कठीण गोष्टी करून दाखवणारी माणसेही असतात. असोत बापडी. पण कोणी नव्हते म्हणून एकटे राहावे लागणे ही आपत्ती आहे, आणि आपत्तीला सद्गुण म्हणून गटागटांतून वाटत सुटण्याचा जो उद्योग चालला आहे त्याची मला खरोखर चीड येते. त्यातून दुहेरी नुकसान होते. ज्याला सोबत हवी आहे तो ती मागणे कमीपणाचे समजतो, आणि जो संध्याकाळचा अर्धा तास देऊ शकला असता तो ‘ज्याचे त्याने करायचे असते’ असे म्हणून निर्धास्तपणे घरी जातो. संदेश पाठवणाऱ्या त्या परिचितांनाही परीक्षेच्या वर्षी रोज पहाटे उठवणारे कोणीतरी होतेच, आणि आमच्या गटातील निम्म्या लोकांना ते माहीत आहे. नाव मी घेणार नाही. त्यांनी घ्यावे.

ताई पुढील वर्षी निवृत्त होत आहेत आणि त्याआधी त्यांना मोटार चालवायला शिकायचे आहे. त्यांच्या मुलांना हे हास्यास्पद वाटते, यजमानांना धोकादायक. मला स्वतःला मोटार चालवता येत नाही, त्यामुळे शिकवण्याचा प्रश्नच नाही. मी फक्त विचारते. काल त्या शिकवणीला गेल्या नाहीत; क्लच सोडताना गाडी सारखी बंद पडते आणि मागचे लोक भोंगे वाजवतात, म्हणाल्या. पुढची शिकवणी केव्हा आहे असे मी विचारले, तर माझ्यावर चिडल्या. गुरुवारी आहे, असे चिडूनच सांगितले. गुरुवारी मी त्यांच्याबरोबर मागच्या आसनावर बसणार आहे, आणि भोंगे वाजवणाऱ्यांकडे मागे वळून पाहण्याचे काम माझे.