६ फूट २ इंचांचा नियम कुणी केला?

अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की डॅलसच्या आसपासच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. (फुटबॉल म्हणजे तिकडचा, हातात घेऊन पळायचा.) दावा असा, की हायस्कूलमधला क्वार्टरबॅक (संघाचे पास फेकणारा मुख्य खेळाडू) कॉलेजात चालेल की नाही हे पाच गोष्टींवरून आधीच कळतं: उंची किमान ६ फूट २ इंच, ६० यार्ड चेंडू फेकणारा हात, हंगामात ३,००० यार्डांचे पास, जिंकणारा संघ, आणि दहावी संपायच्या आत रिक्रूटिंगच्या (कॉलेजसाठी खेळाडू निवडण्याच्या) संकेतस्थळांवर दर्जाचे चार-पाच स्टार. यातलं एक जरी कमी असेल तर ‘मुलाला वेळीच दुसऱ्या जागेवर खेळवा’. खाली एका सशुल्क शिबिराची लिंक.

कॉलेजचे प्रशिक्षक या पाचही गोष्टी बघतात, म्हणून मजकूर खरा वाटतो. पण त्यांच्यावर निकाल कुणी लावत नाही.

उंचीचं लवकर आटपू. पुढे गाजलेला क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ ६ फुटांचा. ऑस्टिनच्या वेस्टलेक हायस्कूलला त्याने १९९६ साली एकही सामना न हरता राज्य विजेतेपद मिळवून दिलं, तरी मोठ्या कॉलेजांपैकी फक्त पर्ड्यू आणि केंटकीने त्याला विचारलं. तो पर्ड्यूला गेला आणि त्या संघाला रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. कायलर मरे ५ फूट १० इंच, ब्राइस यंग जवळपास तेवढाच. एकाला २०१८ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान), दुसऱ्याला २०२१ची. क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारख्या उभ्या साडेसहा फुटांच्या लाइनमनच्या डोक्यावरून कुणीच बघत नाही, उंच क्वार्टरबॅकही त्यांच्या मधल्या फटींतूनच फेकतो. टेप घेऊन मुलगा मोजण्यापेक्षा त्याचे किती पास लाइनवरच हाताने अडवले जातात ते मोजावं.

६० यार्डांची गोष्ट जास्त फसवी आहे, कारण ती बघायला छान वाटते. नेहमीच्या खेळातला अवघड पास बघा: चेंडू मैदानाच्या एका बाजूच्या हॅशवर (खेळ सुरू करताना चेंडू ज्या दोन खुणांच्या ओळींच्या दरम्यान ठेवतात त्यातली एक), आणि रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, १५ यार्ड धावून समोरच्या साइडलाइनकडे वळतो. क्वार्टरबॅक मागे सरकलेला असतो ते धरून तिरकं मोजलं, तरी हा पास ४० यार्डांच्या आसपास भरतो. बहुतेक राज्यांत हायस्कूलच्या दोन हॅशमधलं अंतर ५३ फूट ४ इंच असतं, कॉलेजात ४० फूट. टेक्सासची हायस्कूलं कॉलेजच्या नियमांनी खेळतात, म्हणून तिथे शाळेतही ४० फूटच. म्हणजे कॅलिफोर्नियातला मुलगा हाच पास टाकतो तेव्हा तो थोडा जास्तच लांब टाकतो. सामन्याची फिल्म बघताना हे ध्यानात ठेवावं लागतं. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की चेंडू हातातून सुटला कधी? रिसीव्हर वळण्याआधी, की तो मोकळा दिसल्यावर? शाळेत दिसल्यावर टाकलं तरी चालून जातं. कॉलेजात तेवढ्या वेळात कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर नजर ठेवणारा बचावपटू, मध्ये येऊन चेंडू घेऊन गेलेला असतो.

आता आकडे. क्वार्टरबॅकने खेळ सुरू होतो त्या रेषेच्या मागेच, बाजूला उभ्या रिसीव्हरकडे दोन यार्डांचा स्क्रीन पास टाकला आणि रिसीव्हर चौघांना चुकवत ४० यार्ड पळाला, तर ते ४० यार्ड क्वार्टरबॅकच्या नावावर चढतात. शिवाय समोर कोण आहे? कल्याणला २०१६ साली एका शाळकरी फलंदाजाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा जाणत्यांनी आधी समोरच्या संघाची गोलंदाजी कशी होती ते विचारलं. टेक्सासच्या मोठ्या शाळा आणि एखाद्या छोट्या गावातली शाळा यांचे यार्ड एकाच तक्त्यात मांडले की तोच घोटाळा होतो.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही. कितीतरी हायस्कूलांत संघ रांगेत उभा राहतो आणि क्वार्टरबॅक मान वळवून साइडलाइनकडे बघतो. बचाव कसा उभा आहे ते प्रशिक्षक वाचतो आणि खेळी खुणेने सांगतो. मुलगा फक्त फेकतो. यार्ड मुलाच्या नावावर, वाचन प्रशिक्षकाचं. कॉलेजात गेल्यावर सेफ्टी (सगळ्यांत मागे उभा बचावपटू) शेवटच्या क्षणी जागा बदलतो, आणि तेव्हा जे काही वाचायचं ते मुलालाच.

उलट बाजूला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड. टेक्सासमधल्या वेस्ट कोलंबियाच्या त्याच्या शाळेचा संघ विंग-टी पद्धतीने खेळायचा, म्हणजे चेंडू घेऊन पळण्यावर भर आणि पास जेमतेम. ३,००० यार्डांची अट लावली असती तर त्याचं नावही निघालं नसतं. त्याला एकच स्कॉलरशिप मिळाली, सॅन अँटोनियोतल्या इनकार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाची. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, पहिला क्रमांक.

जिंकण्याचं काय? अ‍ॅलन हायस्कूलकडून मरे सलग ४२ सामने जिंकला, पुढे हाइझमन. लास व्हेगासच्या बिशप गॉरमनचा टेट मार्टेलही सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना हरला नाही, पण ओहायो स्टेट, मायामी, यूएनएलव्ही या कॉलेजांत फिरूनही त्याला क्वार्टरबॅकची जागा पक्की मिळाली नाही. जिंकण्याच्या रकान्यात दोघांची नोंद सारखीच. तो रकाना काय वेगळं काढून देणार?

राहिले स्टार. ते निरर्थक आहेत असं मी म्हणणार नाही. ट्रेव्हर लॉरेन्स पाच स्टारांचा होता आणि पहिल्याच वर्षी, २०१८च्या हंगामात, त्याने क्लेमसन कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. यादी करणारे आंधळे नाहीत. माझी हरकत ‘दहावी संपायच्या आत’ला आहे. डेव्हिड सिल्स तेरा वर्षांचा असताना, २०१० साली, यूएससी या कॉलेजने त्याला क्वार्टरबॅक म्हणून जागा देऊ केली. सात वर्षांनी वेस्ट व्हर्जिनियाकडून त्याने १८ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार नेणं) केले, पण रिसीव्हर म्हणून! जो बरो ओहायो स्टेटला तीन वर्षं बाकावर होता. एलएसयू या कॉलेजला गेल्यावर २०१८ साली १६ टचडाउन पास, पुढच्या वर्षी ६०. ते त्याचं कॉलेजातलं पाचवं वर्ष होतं. बेकर मेफील्ड तर टेक्सास टेकला आणि मग ओक्लाहोमालाही स्कॉलरशिपशिवाय दाखल झाला, २०१७ची हाइझमन त्याची.

२०१८ साली ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१पासून बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्तीही गेली. आता मोठ्या कॉलेजच्या प्रशिक्षकाला तयार, बाविशीतला क्वार्टरबॅक दुसऱ्या कॉलेजातून आणता येतो. हायस्कूलच्या मुलांना याचा तोटा आहेच, स्टार असलेल्यांनाही. पण म्हणूनच छोट्या कॉलेजात जाऊन खरोखर खेळणं हा आता कमीपणाचा रस्ता उरलेला नाही.

त्या लिंकमधल्या शिबिरात बहुतेक सात विरुद्ध सात खेळवतात. त्यात लाइनमन नसतात, अंगावर कुणी धावून येत नाही, त्यामुळे पॉकेट (लाइनमननी क्वार्टरबॅकभोवती केलेलं संरक्षण) कोसळताना मुलगा काय करतो ते तिथे दिसूच शकत नाही. फीचे पैसे वाचवा आणि प्रशिक्षकांना अकरावीतल्या दोन सामन्यांची पूर्ण फिल्म पाठवा, निवडक क्षणांची नको. त्यातला एक हरलेला असू द्या. पहिला रिसीव्हर झाकलेला असताना नजर दुसऱ्याकडे जाते की पाय आधी पळायला लागतात, आणि इंटरसेप्शननंतरचा (त्याचा पास समोरच्यांनी झेलल्यानंतरचा) पास तो कसा टाकतो, हे त्यांना तिथेच बघायचं असतं.