पैसे बंद करण्याआधी: 'एक बाप' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक बाप', नमस्कार.

मुलांच्या पोटगीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख बायकांची बाजू घेणारा आहे. तुमची पत्नी हिंजवडीत तुमच्याइतकाच पगार घेते, तरी नऊ वर्षांच्या मुलीसाठी दरमहा १८,००० रुपये तुम्हालाच भरायला लावलेत आणि त्यांचा हिशोबही मिळत नाही. पोटगी पतीच्या पगाराच्या २५ टक्के, हा नियम मी मुद्दाम दडवला. टेक्सासमधल्या तुमच्या मावसभावाला एका मुलामागे २० टक्के असा सरळ हिशोब आहे, इथे मात्र सगळं जजच्या मर्जीवर. आणि शेवटी: मुलीला भेटू देत नाहीत म्हणून तुम्ही तीन महिने पैसे बंद केलेत, बाकीच्या बापांनीही तेच करावं.

बाकी सगळ्यावर आपले मतभेद खुशाल राहू देत. हे लांबलचक उत्तर त्या शेवटच्या सल्ल्यासाठी आहे, कारण तो वाचून उद्या कुणीतरी खरंच तसं करेल.

तीन महिन्यांचे ५४,००० झाले. तुमचा हुकूम कुठल्या कायद्याखालचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, याखालचा असेल तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आलं की बाकी फिटते असा एक समज कोर्टाच्या आवारात वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. कैद भोगली तरी रक्कम द्यावीच लागते, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. हुकूम हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर दरखास्त (वसुलीचा अर्ज) लागते आणि पगार जप्त होतो. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा बराच मोठा भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या वसुलीत फक्त एक तृतीयांश. उरलेल्या दोन तृतीयांशावर टाच येऊ शकते, आणि ते पत्र तुमच्या कंपनीच्या एचआरकडे जातं. ते कुणी उघडावं असं वाटतंय?

यातून मुलीची भेट तर एक दिवसही जवळ येत नाही. पोटगी आणि भेट या कोर्टाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईने भेट अडवली म्हणून बापाला पैसे थांबवता येत नाहीत, आणि बापाने पैसे थकवले म्हणून आईला भेट अडवता येत नाही. दुसरं वाक्यही मी तितक्याच जोरात म्हणतेय, कारण भेट अडवणाऱ्या आया मी पाहिल्यात आणि तुमची तक्रार खोटी असेल असं मी गृहीत धरलेलं नाही. भेटीचा हुकूम झाला असेल तर त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज द्या. झालाच नसेल तर आधी तो मागा, अंतरिम मागा, आणि सोबत फोन-व्हिडिओ कॉलही मागा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात भेटीखेरीज अशा संपर्काचाही हक्क मानलाय. पण हा अर्ज घेऊन तुम्ही उभे राहाल तेव्हा समोरचे वकील पहिलं वाक्य काय बोलतील ते तुम्हीच ओळखा. तीन महिन्यांची थकबाकी नसती तर त्यांना बोलायला काही सापडलं नसतं.

आता पत्नीच्या पगाराचं. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तुम्ही तो रागात वाया घालवलात. मुलांना सांभाळण्याची जबाबदारी एकट्या बापाची नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० मध्ये आई आणि वडील दोघंही येतात. पद्मजा शर्मा प्रकरणात, २००० साली, सुप्रीम कोर्टाने दोघांच्या पगाराकडे बघून मुलांचा खर्च वडील दोन भाग, आई एक भाग असा वाटला. रजनेश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकालही (मूळ वाद आपल्या नागपूरचा) हेच सांगतो: मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी उचलावा, पण आई पुरेसं कमावत असेल तर तो प्रमाणात वाटता येतो.

मग तुमच्या हुकुमात हे का दिसत नाही? कदाचित दिसतंय. १८,००० हा मुलीचा अख्खा खर्च आहे की तुमचा वाटा, ते हुकुमात वाचा. शाळेची फी, व्हॅनवाले काका, दुपारचं पाळणाघर, डॉक्टर, आणि मुलगी राहते त्या घराच्या भाड्यातला तिचा भाग. पुण्यात याची बेरीज करून बघा, १८,००० वर थांबते का. शिवाय ताप आल्यावर रजा कोण टाकतं याची पावती कुठे मिळत नाही. माझ्या मते तोही वाटाच आहे.

तरीही रक्कम जास्त वाटत असेल तर ती कागदांनी कमी होते. रजनेश निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यासाठी चार आठवड्यांची मुदत आहे, आणि मुद्दाम चालढकल करणाऱ्याचा बचावच कोर्ट काढून टाकू शकतं. पत्नीचं शपथपत्र तुमच्या वकिलांनी शेवटचं कधी उघडलं? बोनस, कंपनीचे शेअर्स, भाड्याने दिलेला फ्लॅट या गोष्टी शपथपत्रात विसरल्या जातात. बापांकडून जास्त, पण आयांकडूनही. एक सावधगिरी: तुमच्या बालेवाडीच्या फ्लॅटचा हप्ता दाखवून 'हातात काहीच उरत नाही' म्हणू नका. आयकर ही सक्तीची वजावट आहे. स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या कर्जाचा हप्ता मुलीच्या आधी येत नाही.

२५ टक्के मी लपवले नाहीत, कारण तसा नियमच नाही. हा आकडा सुप्रीम कोर्टाच्या १९७० च्या एका निकालातून आणि मग २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालातून व्हॉट्सअॅपवर आला. तिथे तो उल्लेख पत्नीच्या पोटगीबद्दल आहे. आणि गंमत म्हणजे २०१७ च्या त्याच निकालात कोर्टाने पतीचं दुसरं कुटुंब लक्षात घेऊन २३,००० ची रक्कम २०,००० वर आणली. नियम असता तर अशी सूट कुठून मिळाली असती?

टेक्सासचं तुम्ही बरोबर लिहिलंत. एका मुलाला निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के, दोघांना २५. महाराष्ट्रात असं कोष्टक असावं का? मला वाटतं, असावं, निदान सुरुवातीचा आकडा म्हणून. दोन सारख्या घरांना दोन वेगळे हुकूम मिळतात तेव्हा मलाही अशिलांना समजावताना घाम फुटतो. पण ते कोष्टक मागताना त्यासोबत काय येतं तेही बघा. टेक्सासचे ते २० टक्के काढताना आईचा पगार मुळात मोजत नाहीत. तुमची मुख्य तक्रारच तिथे बाद. शिवाय तिथे रक्कम सहसा मालकच पगारातून कापून भरतो. तुमच्या मावसभावाला 'तीन महिने बंद केले' म्हणायची सोय नाही.

हिशोबाबद्दल: पै-पैचा हिशोब द्यायला आईला कोर्ट सहसा सांगत नाही, सांगूही नये. घरातलं वीजबिल कुणाच्या वाट्याला किती, हे कोण मांडणार? पण शाळेची फी थेट शाळेच्या खात्यात आणि मेडिक्लेमचा हप्ता थेट कंपनीला भरण्याची मुभा मागता येते. संमतीच्या अटींत तर हे सर्रास लिहितात. फक्त हुकुमात तसं येईपर्यंत स्वतःच फी भरून ती पोटगीतून वळती करू नका. ती पोटगी न धरता तुम्ही स्वखुशीने दिलेली भेटवस्तू धरली जाण्याची भीती असते.

जाता जाता: १८ वर्षं पूर्ण झाली की सुटलो, असंही तुम्ही लिहिलंय. मुलगा असता तर बरंचसं खरं होतं. अविवाहित मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल तर सज्ञान झाल्यावरही कलम २० खाली मागू शकते. २०२० च्या अभिलाषा निकालात ते स्पष्ट आहे.

तेव्हा आधी ५४,००० भरा, बँकेतून, रोख नाही. एकदम जमत नसतील तर हप्ते बांधून मागा. त्यानंतर भेटीचा एक अर्ज आणि रक्कम बदलण्याचा दुसरा, दोघांच्या ताज्या पेस्लिप आणि फॉर्म १६ लावून. एकाच अर्जात दोन्ही कोंबू नका, तुमचे वकील म्हणाले तरी.