सात-पाचच्या बातम्या

भाच्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये घरच्या ग्रुपवर बीबीसीच्या महासंचालकांच्या राजीनाम्याची बातमी टाकली. ट्रम्प यांच्या भाषणाची काटछाट अंगाशी आली आणि टिम डेव्ही गेले, वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेसही गेल्या. बातमीखाली त्याने लिहिलं होतं, 'आत्या, तुमच्या बीबीसीचं बघ. आणि तू आम्हाला आकाशवाणी वाचवा म्हणून सांगतेस! सरळ विकून टाकायला पाहिजे. आता रेडिओ ऐकतं कोण? रिक्षावाले आणि म्हातारी माणसं.'

मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात 'आपल्याकडे' हा शब्द चार-पाच वेळा तरी आला असेल. दादाने एका ओळीत विषय संपवला. 'आमच्याकडे काय चालतं ते आम्ही बघू. तुला तिथं बसून बोलायला काय जातं?'

भाच्याचं 'तुमच्या', माझं 'आपल्या' आणि दादाचं 'आमच्या'. एवढं सगळं पाच मिनिटांत झालं. त्यानंतर कित्येक दिवस मी गाडी चालवताना दादाला उत्तरं देत होते, म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

आधी म्हाताऱ्या माणसांचं बोलते, कारण माझा दिवस त्यांच्यातच जातो. मी लेस्टरशायरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जायचं, आंघोळीच्या टबाशेजारी धरायला दांडा कुठे हवा ते बघायचं, जिन्याला दुसरा कठडा लागेल का ते ठरवायचं आणि त्यांना चहा करायला लावायचा. किटली भरता येते का, उचलता येते का, कपात ओतताना हात किती थरथरतो, याच्यावरून बरंच कळतं. या स्वयंपाकघरांत एक गोष्ट जवळजवळ ठरलेली असते. खिडकीत नाहीतर ब्रेडच्या डब्यावर रेडिओ असतो, तो चालू असतो आणि बहुतेक वेळा रेडिओ फोर, म्हणजे बीबीसीचं बातम्या-चर्चांचं केंद्रच, लागलेला असतो.

एका आजींकडे गेले होते. नव्वदीच्या पुढच्या. माझ्या प्रत्येक प्रश्नाला 'यस डिअर', 'नो डिअर' यापलीकडे बोलायला तयार नव्हत्या. रेडिओवर 'वुमन्स अवर' हा बायकांचा कार्यक्रम चालू होता. आईला सांभाळायला मुलीने नोकरी सोडायची की नाही आणि भावांनी किती पैसे द्यायचे, यावर तीन बायका बोलत होत्या. मग त्याच कार्यक्रमात एका पुढाऱ्याला विचारलं गेलं की घरी येऊन वृद्धांची कामं करणाऱ्यांना मिळणाऱ्या पगारात तुम्ही स्वतः महिना काढून दाखवाल का. पुढारी गोल गोल बोलायला लागले तशा आजी किटली हातात धरून रेडिओकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'रबिश! उत्तर दे की सरळ.' नंतर माझ्याकडे वळून पाच मिनिटं बोलत राहिल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलीबद्दल, तिला पेट्रोलचे पैसे कसे मिळत नाहीत त्याबद्दल, आपल्या मुलाबद्दल, एरवी त्या काढत नसाव्यात अशा आवाजात. त्या वीस मिनिटांतलं पहिलं खरं बोलणं त्यांनी रेडिओशी केलं होतं.

भाच्याने माझ्यासोबत एक दिवस तरी या घरांमधून फिरावं असं मला फार वाटतं. 'ऐकतं कोण' हे म्हणायला सोपं आहे.

'वुमन्स अवर' १९४६ पासून चालू आहे. सुरुवातीला तो सांगायला एक पुरुष होता, हे इथली माणसं अजून आठवणीने सांगतात. पाळी जाणं, नवऱ्याची मारझोड, मुलं घर सोडून गेल्यावरची शांतता हे सगळं या कार्यक्रमात बातम्यांच्याच गंभीरपणे बोललं जातं. घरातलं आणि देशातलं वेगळं नसतं, हे इथल्या रेडिओला कळलेलं आहे.

आणि हे आपल्याकडे (दादा, मी हा शब्द वापरणारच) कळत नव्हतं असं अजिबात नाही. मुंबई केंद्राच्या 'वनिता मंडळ'वर आणि 'पुन्हा प्रपंच'वर एक अख्खी पिढी वाढली. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. तीन माणसं, एक घर, रोजचा विषय. काय महागलं, कुठल्या योजनेचे काय झालं, शेजारी काय म्हणाले. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांचे आवाज ज्यांनी ऐकलेत त्यांना सांगायला नको. आमच्या कराडला मुंबई केंद्र मीडियम वेव्हवर खरखरत लागायचं. आई हातातलं लाटणं थांबवून कान द्यायची. टेकाडे भावजी काही बोलले की ती बाबांकडे बघायची आणि बाबा पेपरातून मान वर न काढता हसायचे. आई-बाबा एकमेकांशी फार बोलणाऱ्यांतले नव्हते. सासू-सुनेपासून साखरेच्या भावापर्यंत त्यांचं बरंचसं बोलणं टेकाडे भावजींनी त्यांच्या वतीने केलं, असं मला आता वाटतं.

मग ते गेलं कुठे? भाचा म्हणतो, लोकांना नको झालं. मला हे पटत नाही. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. हवामान सांगा, वाहतूक सांगा, परीक्षांचे निकाल सांगा, पण ताज्या घडामोडींवर चर्चा करायची नाही. हाच नियम सामुदायिक रेडिओला. माझ्याच जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे. दुष्काळी तालुक्यातल्या बायका स्वतःच्या बोलीत बोलतात आणि सबंध माण तालुका ऐकतो. त्यांनी शेळीपालनावर बोलावं, ओव्या म्हणाव्यात, पण टँकर कुणाच्या वस्तीवर आधी गेला याची बातमी द्यायची म्हटली तर नियम आडवा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा तर १९९०चा, अमलात आला १९९७ मध्ये. एवढं होऊनही रेडिओवर राजकारण बोलायचा हक्क एकट्या सरकारी यंत्रणेकडेच राहिला. तोंड बांधायचं आणि वर म्हणायचं, बघा, याला कुणी बोलावत नाही!

इथे माझा भाचा बीबीसीचा राजीनामा माझ्या तोंडावर मारतो. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. १० नोव्हेंबर २०१२च्या सकाळी मी कामावर निघाले होते. 'टुडे' या रेडिओ फोरवरच्या सकाळच्या बातम्यांच्या कार्यक्रमात जॉन हम्फ्रीज बीबीसीच्याच तेव्हाच्या महासंचालकांची, जॉर्ज एन्टविसल यांची, बीबीसीने दिलेल्या एका चुकीच्या बातमीवरून मुलाखत घेत होते. पगारी नोकर आपल्या सर्वांत वरच्या साहेबाला विचारत होता, तुम्हाला माहीत कसं नव्हतं? तुम्ही कुणाला विचारलं का नाही? मी गाडी एका बाजूला घेऊन थांबले. त्याच रात्री एन्टविसल यांनी राजीनामा दिला. पद मिळून त्यांना ५४ दिवस झाले होते. आकाशवाणीवर कुणी प्रसार भारतीच्या प्रमुखाला असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही. आपल्याकडे गेल्या दहा-अकरा वर्षांत रेडिओवरचं सर्वांत गाजलेलं बोलणं कुठलं, तर महिन्यातून एकदा रविवारी अकरा वाजता होणारं. तिथे एकच माणूस बोलतो. त्यात चांगलं काही नसतं असं मी म्हणत नाही, पण त्याला कुणी मध्येच 'उत्तर दे की सरळ' म्हणू शकत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं. जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या त्या बातम्या. सुधा नरवणे यांच्या आवाजात त्या ऐकत आम्ही दप्तरं भरली. बरीच ओरड झाली, निर्णय थांबला. मीही लेस्टरहून मेल पाठवला होता, चांगला दोन पानी. त्याच महिन्यात इथे बीबीसीच्या स्थानिक केंद्रांतल्या पत्रकारांनी ४८ तासांचा संप केला होता, कारण दुपारनंतरचे स्थानिक कार्यक्रम कापून शेजारच्या केंद्रांबरोबर वाटून घ्यायचे ठरले होते. म्हणजे अगदी तोच प्रकार. रेडिओ लेस्टर हे तर बीबीसीचं पहिलं स्थानिक केंद्र, १९६७चं. युगांडातून हाकललेले गुजराती या गावात आले, त्यांच्यासाठी १९७६ मध्ये याच केंद्राने रोजचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातूनच पुढे ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांसाठीचं बीबीसीचं एशियन नेटवर्क उभं राहिलं. परक्या गावात उतरलेल्या माणसाला रेडिओ काय देऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. तिथे कात्री लागली तेव्हा मी काय केलं? काही नाही. मेल नाही, सही नाही. दरवर्षी टीव्हीच्या परवान्याचे पैसे भरते (२०२५ मध्ये १७४.५० पौंड), त्यातूनच हा रेडिओ चालतो, तरी मला तो आपला वाटला नाही. पुण्याच्या केंद्रासाठी रात्री जागून दोन पानं लिहिली आणि जिथे मी १९ वर्षं राहते तिथल्या केंद्रासाठी दोन ओळी नाहीत.

आणखी एक. २०१६च्या जूनमध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमताचा निकाल लागला, त्याच्या पुढच्या शनिवारी मी रेडिओ फोरच्या 'एनी आन्सर्स'ला फोन केला. शुक्रवारी रात्री 'एनी क्वेश्चन्स' होतो, दर आठवड्याला वेगळ्या गावातल्या शाळेत नाहीतर चर्चमध्ये, १९४८ पासून. शनिवारी ऐकणारे त्यावर बोलतात. मी इतकी वर्षं गाडीत, किचनमध्ये या लोकांशी मनातल्या मनात भांडले होते, त्या दिवशी मला खरंच बोलायचं होतं. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, कुठून बोलता, मुद्दा काय. मी सांगितलं. ती म्हणाली, छान, लाइनवर थांबा. मी कागदावर वाक्य लिहून ठेवलं होतं, त्याची सुरुवात 'वी' ने होती. इंग्रजीत तो शब्द सोपा आहे, त्यात कुणाला धरलंय आणि कुणाला वगळलंय हे सांगावं लागत नाही. पण मी विचार मराठीत करते आणि मराठी मला विचारत होती, आपण की आम्ही? त्यांना धरून आपण, की त्यांना वगळून आम्ही? मी फोन ठेवला. तो का ठेवला हे घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

म्हणून दादाचं 'आमच्याकडे' एवढं लागलं. त्या शब्दात मी नव्हते.

तरीही दादा, बोलायला काय जातं म्हणतोस तर सांगते. ॲपवर पुणे केंद्र लागतं. सकाळचे सात-पाच म्हणजे इथे उन्हाळ्यात रात्रीचे दोन पस्तीस. झोप उडाली की मी उशाशी हळू आवाजात लावते. काल कुठे किती पाऊस झाला, कोणत्या बाजार समितीत कांदा किती उतरला, एसटीचं काय ठरलं. यातल्या कशाचाही माझ्या दुसऱ्या दिवसाशी संबंध नसतो.

इथे 'द लिसनिंग प्रोजेक्ट' नावाचा कार्यक्रम होता, २०१२ ते २०२२. एकमेकांच्या जवळची दोन माणसं समोरासमोर बसून, एरवी बोलायचं राहून गेलेलं बोलायची आणि ते ध्वनिमुद्रण ब्रिटिश लायब्ररीत जपलं जायचं. आपल्या आकाशवाणीने हे करायला हवं, गावोगावच्या केंद्रांनी, त्या त्या बोलीत. तसं कुणी करेल तोवर म्हणून मागच्या जुलैत कराडला गेले असताना मीच मोबाइल ओट्यावर ठेवून आईशी बोलले. चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे. कुकरच्या शिट्ट्या आहेत, बाहेर पाऊस आहे. मी आईला विचारते की मी जायची ठरवली तेव्हा तुम्ही दोघं माझ्यामागे काय बोललात. आई जरा वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, 'तुझे बाबा म्हणाले होते...' आणि तेवढ्यात फडताळावरच्या रेडिओवर पुण्याच्या बातम्या सुरू होतात.

'थांब जरा,' आई म्हणते. 'कोयनेचं सांगतायत.'

पुढे निवेदकाचा आवाज आहे, दरवाजे, फूट, क्युसेक. मी गप्प आहे. आणि आतल्या खोलीतून दादा ओरडून विचारतो, 'आई, किती सोडलंय?'